पाण्याचे ठिपके

पुठ्ठ्याची खोकी बनवायच्या त्या कारखान्यात तिला सगळे 'वाचणारी' म्हणत. तिच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी. नऊ वर्षांपूर्वी ती दोन्ही पुठ्ठा कापायच्या यंत्रात गेली. "मीच निष्काळजीपणानं हात घातला," असं तिनं तेव्हा लिहून दिलं, आणि त्याच्या बदल्यात मालकानं तिला एक उंच स्टूल दिलं. काम काय, तर बाकीच्या बायका खोकी दुमडत असताना त्यांना पुस्तक वाचून दाखवायचं. हात चालू, तोंडं बंद, मालक खूश. दोन बोटं देऊन बूड टेकायला जागा मिळाली. कित्येकांना तर तेवढंही मिळत नाही.

वाचायची मात्र झोकात. तिचे नियम ठरलेले. पुढचं पान आधी बघायचं नाही. "वाढणारीनं आधी जेवून घेऊ नये," म्हणायची. रोज सुरुवात करताना पानाच्या डोक्यावर तारीख घालायची. आणि घसा सुकला की पाणी प्यायच्या आधी समासात पेन्सिलीचा ठिपका द्यायचा, म्हणजे डोळा परत त्याच ओळीवर येतो. यंत्र तिच्यापासून पाच पावलांवर. पुठ्ठा कापायच्या आधी लोखंडी जाळी खाली यायची, खण्णकन, आणि मगच पातं. त्या खणखणाटावर ओरडून वाचायचं, म्हणजे पानाला तीन ठिपके ठरलेले.

यंत्रावर तिची भाची होती. सख्ख्या बहिणीची एकुलती एक लेक. मावशीनंच शब्द टाकून तिला चिकटवली होती.

त्या वर्षी हाती लागलेलं पुस्तक म्हणजे नुसता धिंगाणा. चंद्रापलीकडे निघालेलं एक आकाशातलं गलबत, त्यावर स्वयंपाक्याचा खून, आणि गुप्तहेर कोण, तर कपडे धुवायचं यंत्र! सगळ्यांचे कपडे त्याच्याच पोटातून जायचे, त्यामुळे कुणाचा डाग कशाचा हे त्यालाच ठाऊक. संशय तीन डोक्यांच्या कप्तानावर, सतत शिंकणाऱ्या डॉक्टरवर आणि विसरभोळ्या यंत्रमानवावर.

"डॉक्टरच गं!" डिंक लावणारी ओरडायची. "एवढं शिंकतो तो माणूस सरळ नसतो."

"तुझा नवरा शिंकतो म्हणून होय?"

"मावशी, तिसरं डोकं बघ," यंत्रावरून भाची म्हणायची. "दोन डोकी बोलतात. तिसरं गप्प असतं. गप्प असतं तेच काहीतरी करतं."

पुस्तक अर्ध्यावर आलं तेव्हा मोठी मागणी आली. मुकादमानं तारेनं जाळी वर बांधून टाकली. काम दुपटीनं पळायला लागलं आणि खणखणाट थांबला. वाचणारी त्या दिवशी मऊ आवाजात वाचायला लागली, आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं.

जाळी बांधल्यापासून एकविसाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पुठ्ठा अडकला. भाची तो काढायला वाकली. इकडे डॉक्टरची शिंक आली होती आणि बायका हसत होत्या. त्या हसण्यातच पातं खाली आलं.

पुढचं सांगण्यासारखं नाही. मुलीला झाकायला पुठ्ठाच आणला, एवढं सांगितलं तरी पुरे.

तपासणीची बाई यायच्या आत तार गेली, जाळी जागेवर आली. मुकादमानं कागद फिरवला: पुस्तक ऐकून हसताना मुलीचं लक्ष गेलं. म्हणजे मुलीला मारलं पुस्तकानं. एकेकीनं खाली मान घालून अंगठे उठवले. खून कुणी केला हे सगळ्यांना ठाऊक. असं रहस्य पुस्तकातही कुणी लिहीत नसेल.

"तू पण सही कर," मुकादम म्हणाला. "स्टूल राहील तुझं. सवय आहे तुला."

"उद्या करते," ती म्हणाली.

संध्याकाळी ती बहिणीकडे गेली. बहीण भिंतीला टेकून बसली होती. तिनं एकच विचारलं, "हसत होती का गं माझी पोर? लोक म्हणतात, हसण्यात गेली."

वाचणारी पिशवीतलं पुस्तक काढून उगाच पानं मागे उलटत राहिली. नि एका पानावर थबकली. त्याच्या आधी पानोपानी तीन तीन ठिपके. त्याच्या पुढे एकही नाही. डोक्यावर तारीख तिच्याच हातची. एकवीस दिवस तिला तहान लागली नव्हती.

"ताई," ती म्हणाली, "हसत नव्हती. काम करत होती. हसत आम्ही होतो. आणि जाळी बांधली तेव्हा मी सुखानं वाचत बसले होते. तू मला काय बोलायचं ते बोल, पण हे मी उद्या सांगणार."

बहिणीनं नुसतं तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पुस्तक तपासणीच्या बाईपुढे ठेवलं आणि कोणत्या तारखेपासून पाण्याचे ठिपके थांबले ते दाखवलं.

मुकादम हसला. "आता घसा पुरावा का?"

"बोटं झाली नाहीत, म्हटलं घसा तरी होतोय का बघू."

बाईनं जुना कागद काढला. "नऊ वर्षांपूर्वी तुम्हीच लिहून दिलंय, चूक तुमची. तेव्हा खोटं, तर आता खरं कशावरून?"

"तेव्हाही जाळी बांधलेलीच होती, बाई. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर ती परत बांधायची कुणाची छाती झाली नसती. माझं ऐकू नका. यंत्र चालू करा."

बाईनं यंत्र चालू करवलं. जाळी खाली येऊ दिली आणि म्हणाली, "वाचा." वाचणारीनं ओरडून एक पान वाचलं, तीनदा पाणी लागलं. मग बाईनं जाळी बांधायला लावली. पुढचं पान एका दमात संपलं. हसणारं कुणी नव्हतं. तेवढ्यात डिंक लावणारी उठली. "माझा अंगठा परत द्या," म्हणाली. तिच्यामागे दुसरी उठली, मग तिसरी.

मुकादमाला नेलं. मालकानं दंडावर भागवलं आणि कारखान्यात वाचन बंद केलं. स्टूल गेलं. पुस्तक मोहोर लागून सरकारी कपाटात पडलं, शेवटची अकरा पानं न वाचलेलीच. बहीण अजून तिच्याशी बोलत नाही.

आता वाचणारी तीन बोटांनी खोकी दुमडते. पाच पावलांवर जाळी खण्णकन खाली येते, दिवसभर, आणि शेजारणीचंसुद्धा बोलणं कळत नाही.

"अगं, स्वयंपाक्याला मारलं कुणी?" डिंक लावणारी अधूनमधून घसा ताणून विचारते.

"काय?"

"स्वयंपाक्याला!"

"ऐकू येत नाही," वाचणारी म्हणते, आणि पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवते.