सोळातली अकरा घरं

सानिया फोन बघत दुकानाच्या पायरीवर बसायची, उठायची, परत बसायची.

“त्या फोनला काय पिल्लं व्हणारेत का गं?” भट्टीवरची घागर फिरवत मेहबूबभाई म्हणाले.

“अब्बा, तीन वाजता माझ्यासोबतचा कल्पेश लॅबमधून रीडिंग पाठवणारेय.”

जुन्नरच्या बाजारात मेहबूबभाईंचा कल्हईचा अन् फुटक्या भांड्यांना कथलाचा डाग देऊन सांधायचा धंदा. पोरगी पुण्यात संशोधन करते, तेही तांब्यातच. काचेच्या पट्टीवर तांब्याच्या ऑक्साइडचा केसाहून पातळ थर चढवायचा, भट्टीत भाजायचा. त्यातून एकदा वीज वाहिली की मागाहून लाइट बंद झाली तरी ते त्याच्या ध्यानात राहायला हवं. मेंदूसारखं, आठवण अन् आकडेमोड एकाच जागी, म्हणून वीज अगदी थोडी लागते. एका पट्टीवर अशी आठवणीची सोळा घरं. तीन पट्ट्या विसरभोळ्या निघालेल्या. चौथीही विसरली तर तांबं सोड, असं तिच्या गाईड सरांनी बजावलेलं. दोन वर्षांचं काम पाण्यात.

फोन थरथरला. ‘सोळातली अकरा गेली. सॉरी.’

तिनं पिशवी उचलली. “पुण्याला निघते.”

“जाऊन काय करशील?”

तिनं पिशवी खांद्याला लावली.

“आवो, ती घागर बुडवा की पाण्यात,” आपल्या घागरीसाठी बाकड्यावर थांबलेल्या झुंबरबाई कुरकुरल्या. “घाटघरची यष्टी गेली तर मुक्काम तुमच्याच घरी.”

“ऱ्हावा की. पर गरम डाग पाण्यात घातला की तडकतो. वरनं दिसायचं न्हाई. घरी गळंल, अन् शिव्या मला घालाल.”

पिशवी सानियाच्या खांद्यावरून घसरली. लॅबमधल्या भट्टीला कायम रांग. आपला वेळ संपला की सानिया पट्टी चिमट्यानं तशीच गरम बाहेर काढायची, गार लोखंडी टेबलावर ठेवायची. चारही वेळा. वरनं न दिसता थर तडकला असणार. खरं तर चौथ्या वेळी रांगेत मागं कुणी नव्हतंच. तिलाच दम निघाला नव्हता.

तिनं सरांना फोन लावला. “सर, अजून एक पट्टी. भट्टीतच निवू द्यायचीय.”

सर म्हणाले, “सोमवारी भट्टी दिवसभर तुझी. पण शेवटची.”

झुंबरबाईंचा हात घागर पाण्यात बुडवायला सरकला. सानियानं तो अडवला. “बसा मावशी. गाडीवरनं सोडते स्टँडवर.”

घटकाभर ती बसली. मग डाग निवला का बघायला तिचंच बोट त्यावर टेकलं. चटका बसला तशी तिनं ते तोंडात घातलं.

“इथंच दम निघंना, सोमवारी कसं करशील?” मेहबूबभाईंनी विचारलं.