थांबलेला माग

पवनीतल्या आमच्या घरचा हातमाग बंद पडून बरीच वर्षं झाली होती. बाबांनी तो माझ्या पिक्चरसाठी पुन्हा उभा केला. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, तरी आठवडाभर खपून त्यांनी ताण्याचा, म्हणजे उभ्या सुताचा, एकेक धागा जोडला. मी शेजारी उभा राहून कॅमेऱ्याची जागा शोधत होतो.

पिक्चर यूट्यूबवर टाकायचा, अर्ध्या तासाचा. ‘जुन्या काळची गोड, हसरी प्रेमकथा’ असं पोस्टरवर मीच लिहिलं होतं. गोष्ट आईबाबांची. आई पलीकडच्या गल्लीतली. ती पाण्याला निघाली, की बाबांचा माग थांबायचा. खटखट बंद पडली, की सगळ्या गल्लीला कळायचं. दोघं एक शब्द बोलले नाहीत आणि त्या थांबण्यावरच लग्न ठरलं. आईनं हे मला एकदाच सांगितलं होतं, तेही लाजत लाजत. "चांगलं दाखवजो बाबू," एवढंच म्हणाली.

आणि मी काय दाखवलं? पोरगी दिसताच हिरो मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यात कोसळतो, सुतात गुरफटतो, वरून भोंग्याचं पों पों. त्या एका शॉटमध्ये बाबांनी जोडलेला अर्धा ताणा तुटला. तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या.

रविवारी दुपारी समाजमंदिरात पडदा लावला. आई ठेवणीतलं कोशाचं रेशमी लुगडं नेसून पहिल्या रांगेत, शेजारी बाबा. तो प्रसंग आला. माझे दोन मित्र हसले, तेही मी बघत होतो म्हणून. आईनं पदर तोंडाला लावला. ती हसतेय असं वाटून मी खूश झालो, इतका मी गाढव. संपल्यावर लोक माझ्या पाठीवर थाप मारून, नजर चुकवून निघून गेले.

घरी आल्यावर आई म्हणाली, "माग थांबते तो भाग कापला का रे? मले तर ऐकूच नाही आला."

"आहे ना. त्याच्यावर म्युझिक आहे."

"बरोबरच केलं त्यानं," बाबा म्हणाले. "इतका वेळ चूप बसवलं त लोकं उठून जातीन."

त्यांनी माझी बाजू घेतली आणि मी शरमेनं मेलो. त्यांच्याकडे बघण्याची हिंमत होईना.

मग ते मागापाशी बसले आणि तुटका ताणा कापून काढू लागले. आई दारात येऊन उभी राहिली. त्यांचे हात थांबले नाहीत.