ओट्यावरचं सारवण

काल स्कूटी गॅरेजात टाकली. मेकॅनिकनं इंजिनातलं काळं तेल डब्यात काढलं आणि त्या जळक्या वासानं मला थेट वीस-बावीस वर्षांमागच्या एका सकाळी, लातूरच्या आमच्या भांड्यांच्या दुकानापुढं नेऊन उभं केलं.

मी तेव्हा कॉलेजात होते. दुकानाच्या ओट्यावर एक म्हातारी मुक्कामाला असायची, गिऱ्हाइकांपुढं हात पसरायची. "सकाळी वट्याला जळकं ऑइल फासत जा, आपोआप उठंल," माझे वडील, अण्णा, म्हणाले. आमच्या ओळीतले सगळेच दुकानदार तसं करायचे. त्यात कुणाला काही वाटत नव्हतं. मलाही नाही.

पहिल्याच दिवशी मी डबा आणि फडकं घेऊन आले, तशी म्हातारी लगबगीनं उठली. बोचकं बाजूला सारून तिनं पदर खोचला.

"दे माय, म्या सारवते. किल्लारीला आमचा बी असाच वटा व्हता. रोज म्याच सारवायची."

मी काही बोलायच्या आत तिनं डब्यात हात घातला. मनगटापर्यंत काळा झालेला हात नाकाशी नेला. माझ्याकडं बघितलं. मग तो हात लुगड्यापासून लांब धरून, दुसऱ्या हातानं बोचकं उचलून ती पायऱ्या उतरून गेली. मी हाक मारली नाही. ओटा मात्र नीट माखला, कोपऱ्यांसकट.

दुकान आता मीच बघते. तेलाच्या वासानं गिऱ्हाइकं कुरकुरायची, म्हणून ओट्यावर टोकदार सळया बसवून घेतल्या. सळयांना वास येत नाही.