बंद वर्गातला प्रश्न

फोरमवर मी लिहिलेला प्रश्न असा होता: माझ्या वडिलांचं बोलणं मला कळत नाही. कळल्यासारखं दाखवलं तर चालतं का? इंग्रजीत लिहिला, दोनदा तपासला, आणि उत्तराची वाट बघत बसलो.

मी तेव्हा रोजच तसं दाखवत होतो, हे आधी सांगायला हवं. पक्षाघाताच्या झटक्यानंतर बाबांची वाचा जवळजवळ गेली. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेला माणूस. आता काहीही सांगायचं असलं तरी तोंडातून एकच शब्द निघतो, "बुधवार". पाणी हवं तरी बुधवार, पंखा बंद करायचा तरी बुधवार. सकाळी त्रिसरण-पंचशील मात्र माझ्याबरोबर न अडखळता म्हणतात. तेवढा वेळ वाटतं, बाबा बरे झाले. वंदना संपते, ते माझ्याकडे वळतात आणि विचारतात, "बुधवार?"

"हो बाबा, करतो," मी म्हणायचो. काय करतो ते मला ठाऊक नसायचं.

नागावला आमच्या नारळ-सुपारीच्या वाडीत दोन खोल्या आहेत, त्या मी पर्यटकांना देतो. शनिवार-रविवार गडबड असते. सोमवारी गाड्या अलिबागच्या रस्त्याला लागल्या की घरात आम्ही दोघेच. बायको नोकरीसाठी आणि मुलगी कॉलेजसाठी पनवेलला असतात. वाचा-उपचारासाठी बाबांना नियमित मुंबईला न्यावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. दोनदा नेलं, मग माझ्याच्याने ते झालं नाही. खोल्यांचं काम अडतं असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मुंबईच्या बोटीत लोक बाबांकडे बघायचे, ते मला सहन होत नव्हतं.

मग मुलीने मोबाइलवर एक मोफत कोर्स शोधून दिला. वाचा गेलेल्या माणसाशी घरच्यांनी कसं बोलावं, हा विषय. दुपारी बाबा झोपले की मी पडवीत बसून तो बघायचो.

पहिले काही दिवस शब्दांतच गेले. एनरोल म्हणजे नाव घालणं. ऑडिट शब्दाला मी दचकलो, पण तिथे त्याचा अर्थ एवढाच होता की फुकट बसा, ऐका, सर्टिफिकेट मागू नका. मॉड्यूल म्हणजे धडा. धड्याशेवटी क्विझ, आणि ती चुकली तर पुन्हा देता येते, याचं मला फार बरं वाटलं. सेल्फ-पेस्ड म्हणजे आपापल्या सवडीने. फोरम म्हणजे वर्गातल्या सगळ्यांनी बोलायची जागा. कोर्सच्या नावाशेजारी राखाडी पट्टीत अर्काइव्ह्ड असं लिहिलं होतं. जपून ठेवलाय म्हणजे चांगलाच असणार, असं मी धरून चाललो.

फोरमवर कुठकुठल्या देशांतली माणसं होती. कुणाची आई, कुणाचा भाऊ. एका बाईंनी लिहिलं होतं की आज नवऱ्याने माझं नाव घेतलं. मी त्यांचं अभिनंदन केलं. त्या दिवशी बाबांना भात भरवतानाही त्या बाई माझ्या मनात होत्या. गावात एवढं मोकळेपणी मी कुणाशीच बोललो नव्हतो.

माझ्या प्रश्नाला उत्तर काही आलं नाही. आठवडे गेले. मी रोज उघडून बघायचो. प्रश्नच लाजिरवाणा आहे, वाचून लोक गप्प बसले असणार, अशी माझी खात्री होत गेली.

एका रविवारी मुलगी आली. जेवण झाल्यावर तिने माझा मोबाइल हातात घेतला.

"पप्पा, ह्या बाईंचं तुम्ही अभिनंदन केलंय?"

"मग? आनंदाची गोष्ट आहे."

"सहा वर्षांपूर्वीची! तारीख तरी बघायची." ती हसत सुटली. "अहो, अर्काइव्ह्ड म्हणजे कोर्स कधीच संपलाय. व्हिडिओ तेवढे ठेवलेत. शिक्षक नाहीत, मुलं नाहीत. तुम्ही रिकाम्या वर्गात हात वर करून बसलाय."

"मला काय माहीत?"

"शब्दांचे अर्थ दिलेत की हेल्पमध्ये. आजोबांच्या वर्गात असता ना, तर छडीच खाल्ली असती."

मीही हसलो. मग तिने माझा प्रश्न वाचला. तिचं हसू थांबलं.

"तुम्ही असं करता आजोबांशी?"

"कधीकधी," मी म्हणालो. तेही खरं नव्हतं.

ती संध्याकाळच्या एसटीने गेली. लोकांनी वाचून तोंड फिरवलं नव्हतं, कुणी वाचलंच नव्हतं. याने हलकं वाटायला हवं होतं, पण उलटंच झालं. आता उत्तर देणारं कोणीच नव्हतं. ज्यांना विचारायला हवं होतं ते आत टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा दिला तेव्हा बाबा म्हणाले, "बुधवार."

तोंडावर आलेलं "हो" मी गिळलं. "बाबा, मला कळलं नाही." मग म्हणालो, "रोजच कळत नाही. मी उगाच हो म्हणतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. चेहरा लाल झाला. डाव्या हाताने त्यांनी खुर्चीच्या हातावर जोरात थाप मारली. "बुधवार! बुधवार!" कप सांडला. विचारून झालं की थांबा, असं एका मॉड्यूलमध्ये सांगितलं होतं. त्या क्विझमध्ये मला पूर्ण गुण होते. प्रत्यक्षात मात्र कुठेतरी निघून जावंसं वाटत होतं. तरी थांबलो.

ते धडपडत उभे राहिले. मी हात दिला तो त्यांनी झटकला आणि खुर्चीची पाठ धरून ओढू लागले. मी खुर्ची थोडी वळवली. त्यांनी मान हलवली, आणखी. आणखी वळवली. टीव्हीकडे पाठ आणि दाराकडे तोंड झालं तेव्हा ते बसले.

तिथून फाटक दिसतं आणि पलीकडचा रस्ता. शाळा सुटायची वेळ होत आली होती. झटका आल्यापासून ती खुर्ची मी टीव्हीसमोर ठेवली होती, आणि या गोष्टीला किती वेळा "करतो" म्हणालो असेन कोण जाणे.

मी फरशीवरचा चहा पुसला आणि स्टूल घेऊन त्यांच्या शेजारी बसलो. पोरं दप्तरं हलवत रस्त्यावरून गेली. बाबा बराच वेळ बघत होते. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बुधवार."

तेही मला कळलं नाही. मी तसं सांगितलं, आणि थांबलो.