जपानी ओळ

गायक हा-रमचं कोरियन गाणं जपानीत उतरवायला मिनेकोबाईंनी सात आठवडे रक्त आटवलं होतं. त्याच्या जिभेला जड जाणारा एकेक शब्द वेचून काढला होता. तरी आज नागोयाच्या खचाखच भरलेल्या सभागृहात, प्रेक्षकांत बसून, एक अवघड ओळ त्या मनातल्या मनात घोकत होत्या.

"काकू, जपानीत घातलं की गाण्याचं पार पाणचट मिसो सूप होतं बघा. कुणी लिहिलंय कोण जाणे!" शेजारच्या खुर्चीतली पोरगी म्हणाली.

"कोण जाणे," बाई पुटपुटल्या.

धास्ती होती नेमक्या त्याच ओळीवर हा-रम अडला. त्यानं माईक लोकांपुढे धरला. सगळे मूळ कोरियन ओळ गाऊ लागले. बाई संतापून उठल्या, आपली जपानी ओळ म्हणायला तोंड उघडलं, आणि कोरियनच बाहेर पडली.

"वा काकू! तुम्ही तर आमच्यातल्याच!"