हंसांचा खाऊ

मामींनी मला हंस सांभाळशील का म्हणून विचारलंच नाही. "हे दोघे आता तुझे," एवढंच म्हणाल्या आणि दोघांना हाकत आमच्या मागच्या अंगणात आणून सोडलं. त्यांच्या मुलाने चेन्नईच्या दुसऱ्या टोकाला, पेरुंगुडीला, आठव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. आईने या वयात एकटं राहू नये म्हणून इथलं, आवडी गावातलं, त्यांचं बैठं घर विकून टाकलं होतं. आठव्या मजल्यावर हंस ठेवता येत नाहीत, हे त्याचं म्हणणं खरंच होतं, तरी मला त्या मुलाचा असा राग आला होता की विचारू नका. पण मामी रडल्या नाहीत, म्हणून मीही तोंड बंद ठेवलं. मला ते किती जड जातं हे माझ्या नवऱ्याला विचारा.

नवरा इथल्या कारखान्यात, म्हणून आम्ही क्वार्टर्समध्ये, आणि मामींचं घर आमच्या भिंतीपलीकडच्या गल्लीत. मामी तंजावरकडच्या मराठी. आयुष्यभर शाळेत शिकवलेलं, त्यामुळे आवाज करडा. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. मी सांगलीची, इथल्या शाळेत गणित शिकवते. त्यांचं ते जुन्या वळणाचं, मध्येच तमिळ मिसळलेलं मराठी ऐकून पहिल्यांदा मला हसू आलं होतं. "काय करूंलागलीस गे?" असं भिंतीवरून विचारायच्या. माझी आई गेली तेव्हा मला वेळेत पोचता आलं नाही. त्या दिवशी ही बाई माझ्या स्वयंपाकघरात बसून राहिली, आणि उठताना म्हणाली, "ऊठ, रसम केलंय, जेव." त्या दिवसापासून मला त्यांच्यावर हसू आलं नाही.

हंसांबरोबर त्यांनी एक पत्र्याचा मोठा डबा दिला. त्यात शेंगदाणे होते, त्यांच्या गावाकडून आलेले. "हा त्यांचा खाऊ," म्हणाल्या. "रोज संध्याकाळी मूठभर दे. विसरायचं नाही. तुझ्या हातचं खाल्लं म्हणजे तुला ओळखतील."

ओळखतील कसले! पहिले काही दिवस मला माझ्याच अंगणात कपडे वाळत घालायची चोरी झाली. नर मान जमिनीसरशी लांब करून फिस्स करत अंगावर यायचा. पोटरीला एकदा असा चिमटा काढला की मी बादली तिथेच टाकून घरात पळाले. मादी जरा गरीब, त्याच्या मागे मागे असायची. आणि आवाज! पोस्टमन आला तरी बोंब, झावळी पडली तरी बोंब. शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे साप येणार नाही बघा." मी म्हटलं, साप काय, आता माणूसही येणार नाही.

पण दाणे मात्र दोघे खायचे. संध्याकाळी डब्याचं झाकण वाजलं की नर मादीला ढकलून पुढे यायचा आणि मुठीतले बहुतेक तोच संपवायचा. त्याच वेळेला मामींचा फोन यायचा. "जेवली का माझी लेकरं? आवाज ऐकव." मी फोन अंगणात धरायची, हे दोघे कर्कश ओरडायचे, आणि पेरुंगुडीच्या आठव्या मजल्यावर मामी खूश व्हायच्या.

पावसाळी दिवस संपता संपता नर शांत झाला. फिस्स करणं थांबलं. मी जवळ बसले तर उठून जाईना, आणि एका सकाळी तर त्याने मान सरळ माझ्या मांडीवर टाकली. मला काय आनंद झाला! नवऱ्याला हाक मारून दाखवलं, "बघ, माणसाळला." फोटो काढून मामींना पाठवला. त्यांचं लगेच उत्तर आलं, हात जोडलेले आणि लाल बदाम, एकापुढे एक.

दुसऱ्या दिवशी तो उठायला गेला आणि पंखावर पडला. दोघांनाही टोपलीत घालून, वर ओढणी बांधून, रिक्षाने पशुवैद्याकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. त्यांनी नराला टेबलावर ठेवलं, डोळे पाहिले, पाय पाहिले. पायांवर जांभळट झाक होती आणि ती मी आजवर पाहिली नव्हती. "कधीपासून इतका शांत आहे?" त्यांनी विचारलं.

"माणसाळलाय आता," मी म्हणाले.

"माणसाळलेला नाही हा. याच्यात पळायची ताकद नाही. हंस मांडीवर मान टाकतो तेव्हा घाबरायचं असतं." मग म्हणाल्या, "काय काय खायला घालता ते सगळं घेऊन या."

मी घरी जाऊन कोंडा, गहू आणि मामींचा डबा घेऊन आले. कोंडा, गहू त्यांनी नुसते हुंगले. डब्यात मात्र कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून एक गठ्ठा वर काढला. दाणे एकमेकांना चिकटलेले, वर हिरवट करडी बुरशी. वरचे दाणे चांगले दिसत होते म्हणून मूठ भरून घेताना कधी खालपर्यंत हात गेला नव्हता. हळूहळू वरचे संपत गेले होते आणि मूठ रोज खाली खाली जात होती. पावसाळ्यात मामींच्या माळ्यावर ओल आली असणार. डॉक्टर म्हणाल्या, "या बुरशीचं विष फार वाईट. त्यात बदकं आणि हंस यांना तर जरासंही सोसत नाही. लिव्हर जातं. यावर उतारा नाही. आपण फक्त आधार द्यायचा." मग विचारलं, "जास्त कोणी खाल्ले?"

मी नराकडे बोट दाखवलं. त्यांनी सिरिंज आणि औषधं काढून दिली.

घरी येऊन मी ते दाणे खड्ड्यात पुरले आणि वरून चुना टाकला. नवरा म्हणाला, "मामींना सांगायला हवं."

"काय सांगायचं? तुमच्या हातच्या खाऊने तुमची लेकरं मरायला टेकली, असं?"

"अगं, पण खोटं किती दिवस बोलणार?"

"तू गप्प बस," मी म्हणाले. मामींची लेकरं वाचली पाहिजेत आणि मामींना दाण्यांचं कळता कामा नये, या दोनच गोष्टी डोक्यात होत्या. पुढच्या रविवारी त्या भेटायला येणार होत्या.

मग सुरू झालं ते भरवणं. नवरा खाली बसून जुन्या सुती साडीत पंख गुंडाळून धरायचा आणि मी चोचीच्या कडेने सिरिंज घालायची. ग्लुकोजचं पाणी, लिव्हरचं औषध, भिजवून गाळलेल्या कोंड्याची पातळ पेज. घाई केली तर श्वासनळीत जातं आणि जागच्या जागी खेळ खलास, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून एक थेंब सोडायचा, गळ्याकडे बघायचं, गिळलं की मग पुढचा. मी दर थेंबाला सिरिंज मागे घ्यायची, तर नवरा म्हणायचा, "वर्गात पोरं कशी घाबरतात गं तुला?" मी त्याला फाडकन बोलायची. अर्धा तास वाकून बसून चार चमचे पोटात जायचं, आणि त्यातलं अर्धं साडीवर सांडायचं.

शाळेत गणित शिकवताना फळ्यावर आकडे लिहायची आणि मनात एकच, आत्ता उठला असेल का. मधल्या सुट्टीत घरी धावत यायची. मादी त्याला सोडून हलायची नाही. मी तिला वेगळं ठेवून पाहिलं, तर दारावर चोच आपटून आपटून रक्त काढलं. मग पुन्हा दोघांना एकत्र ठेवलं. संध्याकाळी मामींचा फोन आला की मी अंगणातून आत यायची. "आवाज ऐकव," म्हणायच्या, आणि मी म्हणायची, "मामी, आज लवकर झोपलेत." रोज कसे लवकर झोपतील? पण त्या एवढंच म्हणायच्या, "थंडी पडलीय ना." चेन्नईत कसली आली आहे थंडी! त्याच मला सबब पुरवत होत्या आणि मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं.

नर गुरुवारी सकाळी गेला. मी सिरिंज भरून आणली तर त्याची मान मादीच्या अंगावर पडलेली होती आणि मादी ती मान चोचीने वर ढकलत होती. मी तिथेच फरशीवर बसून मोठमोठ्याने रडले. शेजारच्या बाई भिंतीवरून डोकावल्या आणि "अय्यो, पावम्," बिचारा, बिचारा, म्हणत राहिल्या. कारखान्याची वेळ झाली होती, तरी नवऱ्याने थांबून केळीपाशी खड्डा खणला. त्याला पुरलं आणि मग मला मादीचं भान आलं. तिने डोळे अर्धे मिटले होते.

त्या दिवशी तिच्या पोटात काही गेलं नाही. सिरिंजने दिलेलं तिने मान हलवून बाहेर टाकलं. शुक्रवारी मी रजा घेतली. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाल्या, "तिने मनाने काही खाल्लं तरच. जबरदस्तीने फार दिवस नाही निघणार." मी हादग्याचा पाला आणला, इथे त्याला अगत्ती म्हणतात. बारीक चिरून पुढे ठेवला, हातावर धरला, चोचीला लावला. नाही म्हणजे नाही. माझं डोकंच फिरलं. "मर मग!" असं ओरडले मी तिच्यावर, आणि लगेच जीभ चावली.

पंखांना चिकटलेली पेज वाळून घट्ट झाली होती, म्हणून तिला आंघोळीच्या टबात ठेवून मी पाणी सोडलं. चिरलेल्या पाल्याची परात शेजारीच होती, माझ्या हाताचा धक्का लागून ती टबात उलटी झाली. मी पाला गोळा करायला वाकले आणि तिने पाण्यावरचं एक पान चोचीने ओढलं. तिने गिळलं. मग दुसरं. पाण्यावर तरंगणारं ते तिला आपलं खाणं वाटलं, थाळीतलं वाटलं नव्हतं. मी न्हाणीघरातूनच नवऱ्याला फोन लावला आणि मला रडण्यामुळे धड बोलताच येईना, तर त्याला वाटलं तीही गेली. "खातेय रे, खातेय!" एवढं शेवटी सांगता आलं.

शनिवारी ती दोनदा टबात बसून जेवली. संध्याकाळी चालली, पाय फाकवून, पण चालली.

रविवारी सकाळी मामी आल्या. मुलाने गाडीतून फाटकाशी सोडलं आणि काम आहे म्हणून निघून गेला. मामींच्या हातात कापडी पिशवी होती. त्या सरळ अंगणाकडे निघाल्या. मी आदल्या दिवसापासून वाक्यं जुळवून ठेवली होती, पण त्यातलं एकही तोंडातून निघेना. नवराच म्हणाला, "मामी, नर राहिला नाही. खाण्यातून विषबाधा झाली म्हणाल्या डॉक्टर." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला. पण शब्द जाऊन पोचले होते.

मामी पायरीवर बसल्या. मादी टबाशी होती. मामींना ओळखून तिने मान वर केली आणि घसा खरवडल्यासारखं काहीतरी ओरडली. मामी तिच्याकडे बघत राहिल्या. मग पिशवी उघडली, तर आत शेंगदाणे. तिच्यासाठी आणलेले. त्यांनी मूठ भरली आणि ती तशीच थांबली.

"काय खाण्यातून?" त्यांनी मला विचारलं. "माझ्या दाण्यांतून तर नाही?"

शाळेतली बाई ती. मी पोरांना जसं विचारते तसंच विचारलं, डोळ्यांत बघून. म्हातारीचं घर गेलं होतं, अंगण गेलं होतं, आणि आता हेही तिच्या पदरात टाकायचं?

"छे हो!" मी म्हणाले. "दाणे मी त्यांना दिलेच नाहीत. चांगले होते, आम्हीच भाजून खाल्ले. तो बाहेरचं काहीतरी खाऊन आला."

त्यांचे खांदे खाली आले. एक क्षण चेहरा मोकळा झाला, तो मी पाहिला. मग तो तांबडा झाला.

"मुक्या जिवाच्या तोंडचं खाल्लंस? लाज नाही वाटली गे? एवढं एक सांगितलं होतं तुला! रोज संध्याकाळी वाट बघत असेल तो. मामी विसरली, असं वाटलं असेल त्याला!" त्या रडत होत्या आणि बोलत होत्या, अर्धं मराठीत, अर्धं तमिळमध्ये. गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. नवरा काहीतरी बोलायला तोंड उघडत होता, मी त्याचा हात दाबून धरला. मला आजवर असं कोणी बोललं नाही, बोललं तर मी ऐकून घेतलं नाही. "चुकलं मामी," मी म्हणाले. मूठ अजून मिटलेली होती. मी त्यांचा हात धरून ते दाणे काढून घेतले, तिला सध्या फक्त पालाच द्यायचा आहे म्हणून. त्यांनी हात हिसडला. जेवायला थांबल्या नाहीत.

मादी आता बरी आहे. पोस्टमनला फाटकातून आत येऊ देत नाही. मामींचा फोन रोज संध्याकाळी येतो, पण नवऱ्याच्या फोनवर. आवाज ऐकवून झाला की त्या त्याला विचारतात, दाणे तूच देतोस ना, तिच्या हाती नाही ना देत? तो "मीच देतो, मामी," म्हणतो. मी शेजारी बसून पाला चिरत असते.