पत्रकातली शेवटची ओळ

आमच्या विद्यापीठात मुलींचा बास्केटबॉलचा संघ कधीपासून आहे, असं विचारलं की क्रीडा समितीची माणसं एक साल सांगतात आणि मोकळी होतात. त्याच्या आदल्या साली काय झालं ते कुणी सांगत नाही. मी सांगते. त्यातली अर्धी चूक समितीची आणि अर्धी माझी. समितीच्या अर्ध्यावर माझी पत्रकं काढून झाली. माझ्या अर्ध्यावर आजच लिहिते आहे.

छप्पन साली नागपूरची राजधानी गेली, त्याच हिवाळ्यातली गोष्ट. सगळं शहर त्या दुःखात होतं. आम्ही सहा मुली दुसऱ्याच संतापात होतो. मुलांचा संघ दरवर्षी आंतरविद्यापीठ सामन्यांना जायचा, आगगाडीने, बूट-बनियन घेऊन, सोबत दोन प्राध्यापक. मुलींचा संघ कागदावरसुद्धा नव्हता. आम्ही कॉलेजमागच्या मैदानावर सकाळी साडेसहाला खेळायचो. सात वाजता मुलं येत आणि मैदान त्यांचं होई. कोणी ठरवलं होतं? कोणीच नाही. म्हणूनच ते बदलतही नव्हतं.

आमची कप्तान धंतोलीतल्या एका डॉक्टरांची मुलगी. बी.ए.चं शेवटचं वर्ष, लग्न ठरलेलं, मुहूर्त मे महिन्यातला. खेळायची परवानगी परीक्षेपर्यंत, पुढे नाही. तिला एकच हवं होतं: विद्यापीठाचं नाव छातीवर लावून एकदा, फक्त एकदा, बाहेरगावी खेळायचं. या हिवाळ्यात नाही तर कधीच नाही. हे ती रडून सांगत नसे. बुटाची नाडी बांधता बांधता सांगायची, म्हणून मला ते जास्त लागायचं.

मी खेळाडू म्हणून सहाजणींत सगळ्यांत कच्ची. पण पत्रकं लिहिण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. फीवाढ असो, वसतिगृहातली पाणचट डाळ असो, सायक्लोस्टाइलच्या शाईने माझी बोटं कायम काळी. ग्रंथालयात बसून एका दुपारी मी मुलींच्या संघाचं पत्रक लिहून काढलं. शेवटी ठोसा हवा, म्हणून एक ओळ टाकली: "सवलत नको! मुलांना जे नियम, तेच आम्हाला!" खाली सही, "आम्ही खेळाडू मुली". त्या "आम्ही"तल्या एकीलाही मी ते आधी दाखवलं नाही. दाखवायचं काय त्यात? सगळं बरोबरच तर होतं.

चार दिवसांनी समितीच्या चिटणिसांनी कप्तानाला आणि मला बोलावलं. रसायनशास्त्राचे प्राध्यापक, आवाज एकदम मऊ. पत्रक टेबलावर, शेवटच्या ओळीखाली तांबड्या पेन्सिलीची रेघ.

"तुमची मागणी समितीला पूर्ण मान्य आहे," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी रेल्वे वसाहतीतल्या मुलींशी सामना खेळा. मुलांच्या नियमांनी. पाच जणी, पूर्ण मैदान. आम्हाला संघ दिसला, तर पाठवण्याचा विचार करू."

बाहेर पडल्यावर कप्तानाने सायकलीचं कुलूप उघडलं. मग म्हणाली, "काय केलंस ते तुला कळतंय का गं?"

"जिंकलो आपण!"

"आपण सहा जणींचा खेळ खेळतो, बाई."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्हाला खेळ शिकवला होता शाळेतल्या एका बाईंनी, मुलींसाठी लिहिलेल्या एका जुन्या पुस्तकावरून. त्यात एका बाजूला सहा जणी. तिघी पुढच्या अर्ध्यात, त्या बास्केट करणार. तिघी मागच्या अर्ध्यात, त्या अडवणार. मधली रेषा कोणी ओलांडायची नाही. रेषेवर पाय पडला की चेंडू गेला. मुलींना धाप लागू नये म्हणून हा नियम. कप्तान पाच वर्षं पुढच्या अर्ध्यात खेळली होती, मागचं मैदान तिच्या पायाला माहीतच नव्हतं. मुलांचा खेळ मी रोज बघत होते, तरी ओळ लिहिताना यातलं काही मनात आलं नाही. ओळ कानाला चांगली वाजली, बस.

दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न: सहातली कोण बाहेर? आमच्यात महाल भागातल्या एका कोष्ट्याची मुलगी होती. घरी बापाचा माग, त्यामुळे हातापायांत उपजत ताल. ती म्हणाली, "मले काढा, मी राहीन बसून."

"तू नाही," कप्तान म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "ही बसेल. पत्रक हिचं आहे."

मी बूट काढून ठेवले.

आठवडाभर त्या पाचजणी धावल्या. महालातलीने पहिल्याच दिवशी चुन्याची मधली रेषा पायाने खरडून टाकली. "दिसलीच नाही तं अडवन कशी?" म्हणाली. आणि खरंच, दोन-तीन दिवसांत त्या इकडून तिकडे जाऊ लागल्या. मी पाण्याची सुरई घेऊन कडेला. मला वाटलं, जमलं.

शनिवारी संध्याकाळी मैदानावर पोचलो. शिपायाने सामन्यासाठी सगळ्या रेषा नव्याने मारल्या होत्या. मधली तर चांगली चार बोटं रुंद, पांढरीशुभ्र.

खुर्च्यांवर समिती, त्यांच्यामागे मुलांचा जमाव. शिट्टी झाली. चेंडू कप्तानाकडे आला, ती मागून सुसाट निघाली आणि रेषेपाशी थांबली. वाट मोकळी होती, अडवायला कोणी नव्हतं. पायच थांबले. रेल्वेवालीने चेंडू हातातून अलगद काढून नेला, जसा लहान मुलाकडून काढावा.

"पासपोर्ट लागते काय वं पलीकडे जाले?" मागून एक पोरगा ओरडला. समितीतले दोघं हसले. चिटणीस हसले नाहीत, वहीत काही लिहीत होते. ते मला जास्त झोंबलं.

पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तसंच. दुसऱ्या एकीचंही तसंच. मध्यंतराला आमच्या नावावर दोन गुण, त्यांच्या नावावर बारा. मी सुरई उचलून रेषेकडे निघाले. पाणी ओतून ती धुऊन टाकणार होते.

"बस खाली!" कप्तान किंचाळली. "तुझं करून झालंय."

बसले. पाणी प्यायला कोणी आलं नाही.

दुसऱ्या अर्ध्यात महालातली सरळ रेषेपलीकडे जाऊन उभी राहिली. कप्तान चेंडू घेऊन आली, रेषेपाशी अडली, आणि ही कंबरेवर हात ठेवून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली, "काहून थांबली वं? चावते काय तुले ते? ये नं इकडे!"

कप्तानाने खाली पाहिलं. मग पाय उचलला, उंबरठा ओलांडताना उचलतात तसा उगाचच उंच, आणि पलीकडे ठेवला. त्यानंतर ती थांबली नाही. दोन बास्केट तिने एकटीने केल्या, बाकीच्यांनीही भर घातली. मुलांच्या जमावातलेच काही "आणखी एक!" ओरडायला लागले. रेल्वेवाल्या धावून धावून लाल झाल्या. तरी आम्ही चार गुणांनी हरलो. पण जिंकण्याची अट नव्हतीच. संघ दिसण्याची होती.

चिटणीस स्वतः उठून आले. "संघ दिसला," म्हणाले. "ठराव मांडतो." कप्तानाने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

पत्र तीन आठवड्यांनी आलं. मुलींच्या संघाला मान्यता, पुढील शैक्षणिक वर्षापासून. यंदाच्या सामन्यांच्या प्रवेशिका पाठवण्याची मुदत संपल्याने इलाज नाही. मुदत संपली होती त्या शनिवारच्या आधीच्या बुधवारी. सामन्याचा दिवस ठरवणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं? शेंबडं पोरही यावर विश्वास ठेवणार नाही. आणि आम्ही? चार दिवसांत पत्रक छापून वाटणारी मी, मुदत कधीची आहे एवढं विचारायला समितीच्या कचेरीत एकदाही गेले नव्हते.

पत्र घेऊन मी धंतोलीला गेले. कप्तान गच्चीवर अभ्यास करत होती. तिने पत्र दोनदा वाचलं आणि पुस्तकात खुणेला ठेवलं.

"मी सोडणार नाही त्यांना," मी म्हटलं. "उद्याच पत्रक काढते. तुझ्यावर झालेला अन्याय—"

"माझं नाव त्यात घालायचं नाही. आणि खाली 'आम्ही' लिहिणार असशील, तर आधी बाकीच्या चौघींना विचार. मला विचारलंस तर मी नाही म्हणेन."

मी जायला उठले तेव्हा तिने विचारलं, "खरं सांग. पहिल्यांदा त्या रेषेपाशी मी किती वेळ उभी होते? मला काही आठवत नाही."

मी कडेला बसले होते. मी बघितलं होतं. समोरची मुलगी अर्धं मैदान चालत आली होती, धावतही नव्हती.

"क्षणभर," मी म्हटलं.

"खाली 'आम्ही' घालून खोटं लिहितेस ते वेगळं," ती म्हणाली, "खोटं बोलायला तरी शीक नीट."